त्रेचाळिसावा घोडा

दि. १४ मे, बुधवार

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, लिहून पाठवा असं तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, म्हणून लिहायला बसलो. इकडे सर्व ठीक. रक्तदाब आहे तेवढाच आहे. गोळ्या वेळेवर घेतो. जेवणाचं म्हणशील तर अंडं उकडता येतं, पाव मिळतो, उपाशी मरत नाही. तूही बरी असशील, तुझं बाहुल्यांच्या नाटकाचं काम नीट चाललं असेल, असं धरून चालतो.

कागद बघून नाक मुरडू नकोस. ह्या कारखान्यातल्या तपासणीच्या कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. निवृत्त होताना टेबल आवरलं तेव्हा एक अख्खं पुडकं घरी आलं. पुढच्या बाजूला साचा क्रमांक, दोष, निकाल, सही असले रकाने छापलेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. मागची बाजू कोरी आहे आणि कागद जाड आहे, शाई फुटत नाही.

तर तुझा प्रश्न. आई नऊ दिवस दवाखान्यात होती, मग मला आधी का नाही कळवलं? मावशीकडून का कळावं, तेही सगळं संपल्यावर? असं तू विचारलंस. आणि मी म्हणालो, कपाटातल्या घोड्यांवर फार धूळ बसली आहे. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं आता ओरडशील. ओरडली नाहीस. पिशवी उचललीस, उत्तर लिहून पाठवा, तोवर ह्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणालीस आणि जिना उतरलीस.

उत्तर देतो. पण आधी धुळीचं सांगतो, कारण ती तेव्हा खरंच बसली होती.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. निवृत्त शाळामास्तर, हाडकुळे, खिशात भिंग. त्यांना खेळण्यातले घोडे जमवायचा नाद आहे, घरी तीनशेवर आहेत म्हणे. आपल्या कारखान्याच्या जुन्या दरवानाकडून त्यांना माझा पत्ता मिळाला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव घोडेमास्तर ठेवलं. त्यांना हवे होते आपल्याकडचे पहिले नग. तुला माहीत आहे तरी लिहितो, नवीन साचा मशीनवर चढवला की तो थंड असतो, त्यामुळे पहिले वीस-पंचवीस नग वाकडेतिकडेच निघतात. ते भरडून परत प्लास्टिकमध्ये जायचे. पण प्रत्येक नव्या साच्यामागे एक नग घरी न्यायला फोरमन परवानगी द्यायचा, आणि मी तो तुझ्यासाठी आणायचो. म्हणजे बाजारात जो घोडा कधी गेलाच नाही तो आपल्या कपाटात आहे. घोडेमास्तर कपाटापुढे गुडघ्यांवर बसले ते तासभर उठले नाहीत. मी चहा दिला, तो गार झाला, तरी बशीत तसाच.

एवढं नीट मी त्या घोड्यांकडे कधी बघितलं नव्हतं, आणि बावीस वर्षं मी बघण्याचाच पगार घेतला. मला दोष दिसायचे. हवेचा बुडबुडा, न भरलेला खूर, जोडावर राहिलेली कड. त्यांना घोडा दिसत होता. ते म्हणाले, हा पहिला बघा. चारही पाय पाटाला चिकटवलेले, मान सरळ, शेपूट पाठीला घट्ट. लाकडी घोडा बघून केलाय, कारण करणाऱ्याला अजून प्लास्टिकचा भरवसा नाही. मग सहा वर्षांनी पाट गेला. पण पाय बघा केवढे जाड, हत्तीचे वाटावेत! पडेल अशी भीती होती ना. मग एक मागचा पाय उचलला, दोन सेंटिमीटर, बस. त्यासाठी कुणीतरी महिनाभर डोकं खाजवलं असेल. मी म्हटलं, चार महिने. आणि साचेवाल्याने दोनदा राजीनामा दिला होता.

मग मान वळली. मग शेपूट पाठीवरून सुटून हवेत गेलं, ती माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त कटकट, दर शंभरात सात शेपट्या मोडायच्या. मग डोळे रंगवायचे बंद होऊन साच्यातच कोरायला लागले. आयाळीचा एकच गोळा असायचा, त्याच्या बटा झाल्या. आणि शेवटी शेवटी ते जांभळे, डोळे बशीएवढे, तोंड चिमणीएवढं, पापण्या, वर केस विंचरायला फणी. मी म्हटलं, हा घोडा आहे की नवरी? घोडेमास्तर हसले नाहीत. म्हणाले, साहेब, पहिला घोडा मोठ्यांनी स्वतःसाठी केलाय. हा मुलाच्या तोंडाकडे बघून केलाय. मला ते पटलं नाही, पण रात्रभर डोक्यात राहिलं.

ते गेल्यावर मी सगळे घोडे काढले. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि एकेक धुतला. कारखान्यात नियमच होता, तपासायच्या आधी नग स्वच्छ हवा. पाणी जरा जास्त गरम होतं. मला कळलं नाही. पाचव्या-सहाव्या घोड्याला हात लाल दिसले तेव्हा कळलं. दुखलं असेल, पण मला तसं काही वाटलं नाही. हल्ली मला तसं काहीच वाटत नाही. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नाही, तसं सगळं आहे. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, मी त्यांना खुर्ची देतो. असो.

धुऊन, पुसून, पोटावरचा साचा क्रमांक बघून मी ते वर्षांप्रमाणे लावले. डावीकडे पाटवाला, उजवीकडे नवरी. एकूण त्रेचाळीस. बेचाळीस बरोबर बसले. एकाच्या पोटावर क्रमांक नाही, त्याची जागा ठरत नाही. तो सध्या खिडकीत ठेवला आहे.

रविवारी दहाला मी भाजीला जातो, ती सवय तशीच आहे. दहाला तू आईला फोन करायचीस म्हणून मी बाहेर पडायचो, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आता फोन वाजत नाही. तरी दहा वाजले की पाय चपला शोधतात.

कोऱ्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत, पण आज हात थांबला. कळावे.

तुझे बाबा


दि. २ जून, सोमवार

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. ‘घोड्यांची माहिती मिळाली. प्रश्न तोच आहे.’ सहा शब्द. मोजले. बोलणं तोडून टाकायची ही रीत तू कुणाकडून उचललीस हे मी विचारत नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला.

परवा समोरची शिंपीणबाई आली होती. तुझ्या आईने गाऊन शिवायला दिला होता, तो घेऊन आली. काय करू ह्याचं, म्हणाली. मी म्हटलं, ठेवा खुर्चीवर. मग तिची नजर कपाटावर गेली आणि ती मोठ्याने म्हणाली, “अगं बाई! अहो, हे काय करून ठेवलंत?”

मी म्हटलं, धुतले. साचा क्रमांकाप्रमाणे लावले.

“आणि चिठ्ठ्या?”

मला वाटलं ती कारखान्याच्या चिठ्ठ्या म्हणते आहे. नाही. प्रत्येक घोड्याच्या पायाशी एक बारकी कागदी पट्टी होती. मी धुताना ती बोटाने खरवडून काढली होती. चिकटलेला कागद म्हणजे घाण, नग स्वच्छ हवा. सगळ्या पट्ट्यांचा बादलीत लगदा झाला आणि तो मी मोरीत ओतला.

शिंपीणबाईने खुर्चीवरचा गाऊन बाजूला केला आणि ती तिथे बसली. ती म्हणाली, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? तुमच्या मुलीने लहानपणी ठेवलेली नावं होती त्यावर. वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, मुलगी घर सोडून गेल्यावर. आणि ते घोडे नावांच्या क्रमाने होते. कोण कुणाशेजारी निजायचा, कोण कुणाशी भांडला म्हणून लांब, हे सगळं मुलीने ठरवलेलं. दर शुक्रवारी पुसायच्या आणि परत त्याच जागी. मला एकदा पाऊण तास सांगत होत्या.

मला नाही सांगितलं, मी म्हटलं.

“तुम्ही विचारलं होतं?” असं ती म्हणाली. तिचं तोंड जरा फटकळच आहे, पण चूक काढायला मला जागा सापडली नाही.

सात वर्षं ते कपाट माझ्या खुर्चीसमोर होतं. माझी नजर बावीस वर्षं केसाएवढी चीर पकडत होती, आणि ह्या पट्ट्या मी वाचल्या नाहीत. तुझी आई कारखान्यात पॅकिंगला होती, तिच्या हाताला काम लागायचं, म्हणून पुसत असते असं मला वाटायचं. मला फक्त चार नावं आठवतात. लंगड्या, ज्याचा खूर भरला नव्हता. पोटोबा. हसरा. आणि कानफाट्या, त्याला तू आधी वेगळं नाव ठेवलं होतंस, पण एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. बाकीचे अडतीस मला कोण आहेत ते ठाऊक नाही. त्यांची ती वर्षांप्रमाणे लावलेली रांग बघवत नाही. घोडेमास्तरांचा फोन आला होता, त्यांना म्हटलं एवढ्यात येऊ नका.

तुला आठवत असतील तर पाठव. पाठवलीच पाहिजेस असं नाही.

आता त्या बिनक्रमांकाच्या घोड्याचं. मागच्या पत्रात मी लिहिलं की त्याची जागा ठरत नाही, जणू मला तो कोण ते माहीत नाही. तुला ते वाचून काय वाटलं असेल ते मी ओळखू शकतो. तो तुझा आहे. पाय पोटाखाली घेऊन बसलेला. नमुना म्हणून तू हाताने ओतलास, त्याला साचाच झाला नाही तर क्रमांक कुठून असणार.

आपल्या कारखान्याने तोवर कायम घोडा उभा ठेवला, फार तर पळवला. तू बसवलास. नमुना विभागात लागून तुला दोन वर्षं झाली होती. मुलं घोडा उशाशी घेऊन झोपतात, उभ्या घोड्याचे पाय टोचतात, असं तू साहेबांना सांगितलंस. मी कोपऱ्यात उभा होतो. मला वाटलं होतं, ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या एकाही उंटावरच्या शहाण्याला सुचली नाही. पण तोंडाने मी म्हणालो, आधी चाचणी होऊ दे.

नियम दहाचा. कमरेच्या उंचीवरून दहा वेळा फरशीवर टाकायचा. टाकायच्या आधी पॅकिंगचा मुकादम म्हणाला, घरचीच परीक्षा आहे, पेपर फुटलेलाच असणार. सगळे हसले. साहेबही हसले. मी टाकायला लागलो. तो घोडा दहा वेळा पडला आणि दहाही वेळा, कसाही पडला तरी, लोळून परत बसला. एक ओरखडा नाही.

मग मी तो परत उचलला.

अकरावी फेक कमरेवरून नव्हती, खांद्यावरून होती. तेही तू बघितलंस. कान उडाला. तू हळूच म्हणालीस, “बाबा, अकरा झाले.” माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. मी चिठ्ठीवर लिहिलं, दोष कान, निकाल नापास. नापास नगाच्या पोटावर चीर पाडून तो भरडायला टाकायचा असतो, तीही चीर मीच पाडली. मुकादमाचं तोंड बंद झालं. त्याच आठवड्यात तू काम सोडलंस आणि महिनाभरात घर.

तुझ्या आईने तो भरडायच्या डब्यातून काढून आणला होता. त्याच संध्याकाळी. मला कपाटात दिसला, मी काही बोललो नाही, तीही नाही. सात वर्षांत आमचं ह्या विषयावरचं बोलणं एवढंच.

तुझा प्रश्न तोच आहे हे लक्षात आहे. इथेच माझं घोडं पेंड खातं. लिहायला घेतो आणि दुसरंच लिहून होतं. हे सुद्धा खरंच आहे, पण हे तू विचारलं नव्हतंस.

तुझे बाबा


दि. १९ जून, गुरुवार

चि. भिंगरी,

हे नाव तुझ्या आईचं आहे, मी कधी हाक मारली नाही. आज तेच लिहून झालं.

पाकीट मिळालं. आत फक्त यादी. मायना नाही, खाली सही नाही. बेचाळीस नावं, ओळीओळीने, कुणाशेजारी कोण ते बाणांनी दाखवलेलं. नवरीचं नाव तू ‘मोठी बाई’ ठेवलं होतंस हे वाचून मला जरा हसू आलं, तीन महिन्यांत पहिलं असेल. तिला तू पाटवाल्या आजोबांच्या शेजारी बसवलं होतंस. घोडेमास्तर म्हणाले होते ह्या दोघांत बारा वर्षांचं अंतर आहे. तुझ्याकडे ते एका उशीवर झोपायचे.

शुक्रवारी सकाळी मी सगळे परत लावले. चार तास गेले. शिंपीणबाई मधे येऊन बघून गेली, मान हलवली, म्हणजे बरोबर असावं.

शेवटी तू लिहिलं आहेस, ‘४३. ह्याचं नाव मी ठेवलं नव्हतं.’

भिंगरी, त्याच्याही पायाशी पट्टी होती. मला नीट आठवतं, कारण ती जरा लांब होती आणि तिची निळी शाई माझ्या अंगठ्याला लागली. म्हणजे तुझ्या आईने त्याला काहीतरी नाव दिलं होतं. मी वाचलं नाही. शिंपीणबाईला विचारलं, तिलाही आठवत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही.

तो मी खिडकीतून काढून कपाटात ठेवला, लंगड्याच्या बाजूला जागा होती तिथे. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे, तिची पुढची बाजू बघ. नग : बसलेला घोडा. फेक : दहा. दोष : नाही. निकाल : पास. खाली माझी सही आणि आजची तारीख. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्याने आता काही होत नाही. पण तपासणी चुकली होती, आणि चुकलेली चिठ्ठी बदलून लिहायची असते.

आता उत्तर.

तिसऱ्या दिवशी तुझी आई म्हणाली, भिंगरीला कळवा. तिला धाप लागत होती, तोंडावर मास्क होता, स्वतः बोलणं शक्य नव्हतं. तुझा नंबर तिच्या डायरीत, डायरी घरी. मी म्हटलं, कळवतो. चौथ्या दिवशी तिने विचारलं, कळवलंत? मी म्हटलं, फोन लागत नाही. मी केलाच नव्हता. घरी गेलो होतो, डायरी उघडली होती, नंबर समोर होता. सात वर्षांत तुझ्याशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि पहिला शब्द हा? तू नाही म्हणालीस तर? मग ते तिला जाऊन सांगायचं कसं? असं डोक्यात आलं. डायरी मिटली.

पाचवा दिवस रविवार होता. मी तिचे धुतलेले कपडे न्यायला घरी आलो होतो. दहा वाजले आणि फोन वाजला.

तू होतीस. दुसरं कोण असणार. मी फोनजवळच उभा होतो, हातात तिचा टॉवेल होता. चौदा वेळा वाजला. मी मोजलं, कारण मला मोजायची सवय आहे. हात पुढे केला होता हेही खरं आहे, पण उचलला नाही. वाजायचा थांबला. मी टॉवेलाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तुला वाटलं असेल आई शेजारी गेली असेल.

दवाखान्यात परत गेलो. तिला रविवार माहीत होता, ती घड्याळाकडेच बघत होती. तिने नुसत्या भुवया उचलल्या. आणि मी म्हटलं, आला होता फोन. सांगितलं तिला सगळं. काम आहे म्हणाली, नाही जमणार.

हे मी म्हणालो. असंच, ह्याच शब्दांत. तू नाही म्हणशील ह्या भीतीने मी तुझ्या वतीने नाही म्हणून टाकलं. तुला विचारलंही नाही.

तिने मास्क थोडा बाजूला केला. म्हणाली, “असू दे. प्रयोग असतील तिचे. तुम्ही रागावू नका तिच्यावर.” मग पायावर पांघरूण ओढायला सांगितलं. मी ओढलं. त्यानंतर चार दिवस होते. चार दिवसांत मी कधीही सांगू शकलो असतो की खोटं बोललो, थांब, आत्ता लावतो फोन. तिने परत तुझं नाव काढलं नाही आणि मी पण नाही. नवव्या दिवशी सकाळी मी थर्मास विसळायला गेलो होतो, आलो तोवर ती गेली होती.

म्हणजे ती असं समजून गेली की तुला कळवलं होतं आणि तू आली नाहीस. रागावली नव्हती, ते खरं आहे, शपथेवर सांगतो. पण वाट बघणं तिने सोडून दिलं, ते माझ्यामुळे. तुला वेळेवर कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पोचली असतीस. मला हे तेव्हाही माहीत होतं.

मी हे लिहिताना रडतो आहे असं लिहायला पाहिजे होतं. रडत नाही. अजून मला काही वाटत नाही. वाटेल तेव्हा काय होईल ह्याची मला भीती वाटते, एवढं एक वाटतं.

माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझ्या हातातलं काम आहे. हे वाचून तुला परत कधी माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर तेही मला समजेल. घोडे तुझे आहेत, कधीही माणूस पाठवून ने. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. तुझी यादी मी कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, गोंद न लावता, टाचणीने. शेवटच्या ओळीपुढची जागा कोरी ठेवली आहे.

यायचं की नाही, बोलायचं की नाही, ते तू ठरव. ह्यापुढे तुझ्या वतीने मी कुणालाही काही उत्तर देणार नाही.

रविवारी दहा वाजता मी घरी असतो. भाजी आता शनिवारीच आणून ठेवतो.

बाबा